सायट्रान्सच्या बेसमधली गुरगुर: कुठून येते आणि कशी काढायची

१९९० च्या दशकात गोव्यात हणजूण-वागातोरच्या किनाऱ्यावर रुजलेल्या गोवा ट्रान्स या इलेक्ट्रॉनिक नृत्यसंगीतातून पुढे सायट्रान्स निघालं. त्याची बेसलाइन लगेच ओळखू येते. एका बीटचे चार भाग, पहिल्यावर किक (ड्रमचा खालचा, जड ठोका), उरलेल्या तिन्हींवर बेस. ऐकायला सोपी वाटते, मिक्स करायला बसलं की घाम काढते.

कारण जागाच कमी असते. १४५ बीपीएमला (मिनिटाला १४५ बीट) बीटचा एक चतुर्थांश भाग म्हणजे फक्त १०३ मिलिसेकंद. बेसचा सूर बहुतेक वेळा ई ते जी यांच्या दरम्यान, म्हणजे ४१ ते ४९ हर्ट्झ. यातला एफ शार्प घेऊ, ४६.२५ हर्ट्झ. त्याचं एक आवर्तन पूर्ण व्हायला २१.६ मिलिसेकंद लागतात, म्हणजे एका ठोक्यात पुरती पाच आवर्तनंही मावत नाहीत. इतक्या चिंचोळ्या जागेत मागच्या ठोक्याची शेपटी जराशी रेंगाळली, की तीन सुटे ठोके ऐकू यायच्या ऐवजी खालून एक सलग गुरगुर ऐकू येते.

नवीन मंडळी अशा वेळी बेसवर कडक हाय-पास फिल्टर लावून ४० हर्ट्झच्या खालचं सगळं कापतात. त्याने बरेचदा गढूळपणा वाढतो, तो का ते पुढे आकड्यांसकट दिलं आहे. आधी गुरगुर जिथे तयार होते तिथे ती बंद करायची आणि फिल्टर अगदी शेवटी, तोही हलक्या हाताने लावायचा, हा क्रम सोडू नका. आकडे १४५ बीपीएम आणि एफ शार्प धरून दिले आहेत. तुमचा सूर आणि वेग वेगळा असेल तर त्याप्रमाणे बदला. टेक्नो किंवा हाउसलाही हीच पद्धत चालते, तिथे फक्त श्वास घ्यायला थोडी जास्त जागा मिळते.

आधी मोजा

मास्टरवर, म्हणजे सगळे ट्रॅक एकत्र येतात तिथे, स्पेक्ट्रम ॲनालायझर (कुठल्या हर्ट्झला किती आवाज आहे ते दाखवणारं साधन) लावा. एबलटन लाइव्ह या संगीत सॉफ्टवेअरमध्ये स्पेक्ट्रम आहेच, नाहीतर व्हॉक्सेंगोचा स्पॅन फुकट मिळतो. लावल्या लावल्या एक सेटिंग बदला: ब्लॉक साइझ किंवा एफएफटी साइझ १६३८४ करा. ४४.१ किलोहर्ट्झला २०४८ च्या साइझवर ॲनालायझर सुमारे २१.५ हर्ट्झच्या टप्प्यांनी मोजतो. त्यामुळे ४६ हर्ट्झचा स्वच्छ सूरही २० पासून ७० पर्यंत पसरलेल्या टेकडीसारखा दिसतो आणि नसलेल्या गुरगुरीच्या मागे आपण तासभर लागतो. १६३८४ वर हा टप्पा २.७ हर्ट्झवर येतो. ॲनालायझरचा उतार म्हणजे स्लोपही शून्यावर आणा. अनेक ॲनालायझरमध्ये तो मुळात तिरका असतो, आणि त्यामुळे खालचा भाग आहे त्यापेक्षा कमी दिसतो.

आता मास्टरवर तात्पुरता लो-पास फिल्टर लावा, २५ हर्ट्झ, ४८ डीबी प्रति सप्तक (हा आकडा जितका मोठा तितका फिल्टर कडक). लाइव्हच्या ईक्यू एटमध्ये चारपट उताराचा पर्याय असतो तोच हा. यातून एफ शार्पचा मूळ सूर सुमारे ४२ डीबीने खाली जातो, मीटरवर जे उरतं ते त्याच्या खालचं. एकेक ट्रॅक सोलो करून मीटर बघत जा. पॅड, रिव्हर्ब रिटर्न (घुमण्याच्या इफेक्टचा ट्रॅक), व्होकल, वातावरणाचे आवाज यांत २५ हर्ट्झच्या खाली काहीही असायचं कारण नाही. तिथे −५० डीबीच्या वर काटा गेला तर तो ट्रॅक वहीत नोंदवून ठेवा.

बेसच्या ट्रॅकला मात्र हा नियम लावू नका. ८०-९० मिलिसेकंदांत सुरू होऊन संपणारा कुठलाही सूर स्पेक्ट्रमवर आजूबाजूला पसरतो. आपल्या ठोक्यांची पसरण २५ हर्ट्झच्या खाली मूळ सुरापेक्षा साधारण २० डीबी खालच्या पातळीवर दिसू शकते. ती गुरगुर नव्हे, ठोका आखूड असल्याची खूण आहे. फरक ओळखायचा तर मिडी क्लिपमध्ये चार बार (एक बार म्हणजे चार बीट) लांबीची एकच नोट काढा आणि वाजवा. सुरुवात सोडून मधला भाग बघा. खालचं सगळं नाहीसं झालं तर काळजी नको. लांब नोटवरही काटा हलत असेल तर सिंथमध्येच काहीतरी आहे.

बेसचा सिंथ

आधी सब ऑसिलेटर बघा. (ऑसिलेटर म्हणजे सिंथमधला सूर तयार करणारा भाग.) बऱ्याच प्रीसेटमध्ये तो एक सप्तक खाली चालू असतो. एफ शार्पच्या एक सप्तक खाली म्हणजे २३ हर्ट्झ. हेडफोनवर तो जेमतेम जाणवतो, मीटर मात्र व्यापून टाकतो. सायट्रान्सच्या बेसला सब ऑसिलेटरची गरज नसते. एक सॉ (करवतीच्या दात्यांसारख्या लाटेचा) ऑसिलेटर, मोनो, एकच व्हॉइस, युनिसन बंद.

दोन ऑसिलेटर हवेच असतील तर डिट्यून शून्य ठेवा. १० सेंट (अर्धस्वराचा दहावा भाग) हा आकडा किरकोळ वाटतो, पण ४६ हर्ट्झला तो सुमारे ०.२७ हर्ट्झचा फरक पाडतो. दोन्ही ऑसिलेटर मोकळे फिरत असतील तर दर पावणेचार सेकंदांनी, म्हणजे साधारण सव्वादोन बारमध्ये एकदा, बेस फुगतो आणि एकदा गायब होतो. ट्रॅकमध्ये कुठेतरी ‘मध्येच बेस कमी होतो’ असं वाटलं तर हे आधी तपासा.

त्याहून महत्त्वाचं म्हणजे फेज. प्रत्येक नोट लाटेच्या एकाच बिंदूपासून सुरू झाली पाहिजे. नाहीतर पहिला ठोका लाटेच्या चढावर, दुसरा उतारावर, तिसरा मधूनच सुरू होतो, आणि पाच आवर्तनांच्या ठोक्यात हा फरक लपत नाही. प्रत्येक ठोक्याचं वजन वेगळं लागतं आणि सगळं मिळून डगमगतं. सीरम आणि व्हायटल या सिंथमध्ये ऑसिलेटरवर फेज यादृच्छिक ठेवणारा रँडम नॉब असतो, तो शून्यावर आणा. सायलेंथमध्ये रीट्रिग बटण आहे. लाइव्हच्या ऑपरेटरमध्ये ऑसिलेटरजवळ आर लिहिलेलं छोटं बटण आहे, ते चालू हवं. खात्री करायची तर बेसचा एक बार ऑडिओमध्ये रेंडर करा आणि झूम करून बघा. सगळे ठोके एकाच साच्यातून काढल्यासारखे दिसले पाहिजेत.

मग एन्व्हलप, म्हणजे नोट कशी चढते (अटॅक) आणि सोडल्यावर कशी विझते (रिलीज) ते. अटॅक ० ते १ मिलिसेकंद. नोटची लांबी चतुर्थांश भागाच्या ७५ ते ८५ टक्के, म्हणजे १४५ ला ७७ ते ८८ मिलिसेकंद. रिलीज ५ ते १० मिलिसेकंद. रिलीज शून्य ठेवला तर लाट मधूनच तुटून टिक असा आवाज येतो, आणि ५० च्या पुढे नेला तर मागचा ठोका पुढच्याच्या अंगावर चढतो. दोन ठोक्यांमध्ये १० ते २० मिलिसेकंदांची खरीखुरी शांतता राहिली पाहिजे. या सगळ्या कामात याच शांततेने सर्वात जास्त फरक पडतो, म्हणून रेंडर केलेल्या ऑडिओत ती डोळ्यांनी बघून घ्या. लूपमध्ये कान फसतात.

बेसवर थेट रिव्हर्ब किंवा डिले नको. बेसला जागेचा भास द्यायचाच असेल तर तो वेगळ्या सेंडवर द्या आणि त्या सेंडला रिव्हर्बच्या आधी २५० हर्ट्झचा हाय-पास लावा.

किकची शेपटी

सॅम्पल पॅकमधली किक अनेकदा २०० मिलिसेकंदांहून लांब असते. एकटी वाजवली की छान लागते. इथे मात्र तिला १०३ मिलिसेकंदांत आटपायचं आहे, नाहीतर पहिल्या बेसच्या ठोक्याखाली तिची शेपटी वाजत राहते. दोन्ही ४५-५० हर्ट्झच्या आसपासचे, त्यामुळे ते कधी एकमेकांत मिळतात, कधी एकमेकांना खातात.

किक ऑडिओ क्लिप म्हणून ठेवा. साधारण १०० ते ११० मिलिसेकंदांवर, जिथे लाट शून्य रेषा ओलांडते तिथे कापा आणि शेवटच्या १०-१५ मिलिसेकंदांना फेड द्या. कापताना लाटेची मधली रेष शून्यावरच आहे ना ते बघा. सगळी लाट थोडी वर किंवा खाली सरकलेली असेल तर तो डीसी ऑफसेट. तो ऐकू येत नाही, पण किक संपते त्या क्षणी धप्प असा खोटा ठोका देतो आणि वरची जागा खातो. लाइव्हच्या युटिलिटीमध्ये डीसी नावाचं बटण आहे. ऑडॅसिटीत नॉर्मलाइझच्या खिडकीत डीसी ऑफसेट काढण्याचा पर्याय असतो. कापण्याच्या आधी तो काढा, नंतर नाही.

किकचा सूर बेसशी जुळवा. सायट्रान्सची किक वरून झरकन खाली येते आणि शेवटी एका सुरावर टेकते. तो शेवटचा सूर बेसच्या मूळ सुरावर किंवा त्याच्या अगदी जवळ आणा. सॅम्पल खाली सरकवून हे करत असाल तर सांभाळा, कारण सॅम्पलमध्ये ३० हर्ट्झला जे काही होतं ते सात अर्धस्वर खाली नेल्यावर २० हर्ट्झला जातं. शक्यतो किक सिंथमध्येच बनवा, म्हणजे शेवट हवा तिथे ठेवता येतो.

आता किक आणि बेस एकत्र रेंडर करून किक संपते ती जागा झूम करा. किकची शेपटी वर जात असताना बेस खाली जात असेल तर तिथे खड्डा पडतो. सिंथमधला सुरुवातीचा फेज नॉब थोडा थोडा फिरवत पुन्हा रेंडर करा आणि ज्या जागेवर जोड सलग दिसतो तिथे थांबा. घाईत असाल तर बेसची पोलॅरिटी (लाटेची वर-खाली दिशा) उलटून दोन्ही बाजू ऐका आणि जी भरीव वाटेल ती ठेवा.

बाकीचे ट्रॅक

इथे विचार कमी आणि काम जास्त. पॅड १५० हर्ट्झ, लीड आणि ॲसिड लाइन २००, हॅट ३०० ते ५००, रायझर आणि स्वीप १५०, रिव्हर्ब रिटर्न २५० हर्ट्झवर हाय-पास. उतार २४ डीबी प्रति सप्तक चालतो, कारण तिथे खाली कामाचा सूरच नाही. रिव्हर्ब रिटर्न हमखास विसरला जातो, आणि बहुतेक मिक्समध्ये खरी गुरगुर तिथूनच येत असते. ॲसिड लाइनच्या रेझोनन्सवर लक्ष ठेवा. फिल्टर पूर्ण बंद होतो तेव्हा रेझोनन्सचा उंचवटा थेट बेसच्या जागेत येऊन बसतो.

बाहेर रेकॉर्ड केलेल्या आवाजांत वारा, ट्रॅफिक, एसीचं कंप्रेसर, माइक हातात धरल्याचे धक्के हे सगळं १०० हर्ट्झच्या खाली साठलेलं असतं. बोललेल्या आवाजाला ८० ते १०० हर्ट्झचा हाय-पास बिनधास्त लावा. तबला किंवा ढोल सॅम्पल करत असाल तर मात्र थांबा. डग्ग्याचा घुमारा १०० हर्ट्झच्या खालीही असतो, तो कापला तर हाती नुसती चाट उरते. अशा सॅम्पलला जागा द्यायची असेल तर ते किक-बेस नसलेल्या बारमध्ये ठेवा. विनाइलवरून घेतलेल्या सॅम्पलमध्ये टर्नटेबलच्या मोटरची घरघर असते. तिला ३० हर्ट्झचा हाय-पास पुरतो.

वीजपुरवठ्याची हम

हार्डवेअर सिंथ वापरत असाल तर हा भाग तुमच्यासाठी. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे केबलमधून येणारी हम ५०, १०० आणि १५० हर्ट्झवर असते. बेस जीमध्ये असेल, म्हणजे ४९ हर्ट्झ, तर सूर आणि हम यांत एकच हर्ट्झचं अंतर उरतं आणि दर सेकंदाला एक हेलकावा ऐकू येतो. ईक्यूने ही हम काढता येत नाही, काढायला गेलं तर बेसच जातो. सिंथ, इंटरफेस आणि लॅपटॉप एकाच एक्स्टेंशन बोर्डवर घ्या, बॅलन्स्ड केबल वापरा, तरी राहिली तर मध्ये ट्रान्सफॉर्मरवाला डीआय बॉक्स टाका. हम घालवायला प्लगची अर्थिंगची पिन काढण्याचा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका, त्यात शॉक लागून जीव जाऊ शकतो.

आता फिल्टर

एवढं झाल्यावर बेसवर हाय-पास लावायची गरज उरते का, ते आधी बघा. बऱ्याचदा उरत नाही. उरली तर २५ हर्ट्झ, १२ डीबी प्रति सप्तक. बटरवर्थ फिल्टर धरला तर ४६ हर्ट्झच्या सुराची पातळी अर्ध्या डीबीहूनही कमी घटते, १२.५ हर्ट्झला मात्र १२ डीबी कपात मिळते. आणि सुराला उशीर होतो तो सुमारे ३ मिलिसेकंदांचा.

सुरुवातीला म्हटलेला गढूळपणा वाढतो तो या उशिरामुळेच. फिल्टर आवाज कापतो तसाच कटऑफच्या (जिथून कापायला सुरुवात होते त्या हर्ट्झच्या) आसपासचे सूर मागेही सारतो. कटऑफ ४० हर्ट्झवर आणि उतार २४ डीबी केला तर ४६ हर्ट्झचा सूर सुमारे १२ मिलिसेकंद मागे पडतो. ४८ डीबी केला तर सुमारे २५ मिलिसेकंद, म्हणजे एक पूर्ण आवर्तन आणि वर थोडं. बेसचा वरचा कुरकुरीत भाग मात्र वेळेवरच येतो. परिणामी ठोक्याची टोकदार सुरुवात एकीकडे, वजन दुसरीकडे. शिवाय ठोका संपल्यावरही फिल्टर काही काळ वाजत राहतो आणि कष्टाने राखलेली ती १०-२० मिलिसेकंदांची शांतता भरून टाकतो. गुरगुर काढायला लावलेल्या फिल्टरनेच गुरगुर तयार होते ती अशी. फेज सरकल्यामुळे शिखरंही बदलतात, त्यामुळे कापल्यानंतर पीक मीटर वर गेलेला दिसला तर घाबरू नका, कारण हेच आहे.

मग लिनिअर फेज ईक्यू लावावा का? किक-बेसवर नको. त्यात उशीर सगळ्या सुरांना सारखा होतो हे खरं, पण घुमणं ठोक्याच्या आधीही येतं आणि किकची धार बोथट होते.

फिल्टरने काय काढलं ते ऐकायला मूळ ट्रॅक आणि फिल्टर केलेला ट्रॅक उलट पोलॅरिटीने एकत्र वाजवायची पद्धत प्रचलित आहे. बेसच्या बाबतीत ती फसवते. फेज सरकलेला असल्यामुळे वजाबाकीत मूळ सूरही उरतो आणि फिल्टरने भरपूर बेस खाल्ला असं वाटतं. त्याऐवजी दोन्ही रेंडर करून लाटा एकाखाली एक ठेवून बघा.

मास्टरवर हाय-पास लावायचाच असेल तर २० हर्ट्झ, १२ डीबी, त्याहून कडक नाही. मोठ्या साउंड सिस्टिमवर खालचं संरक्षण करणारा फिल्टर बहुधा प्रोसेसरमध्ये असतोच, पण त्याच्या भरवशावर राहू नका. पोर्ट असलेल्या सबवूफरचा कोन पोर्टच्या ट्यूनिंगखाली मोकाट हलतो. आवाज होत नाही, पण ॲम्प्लिफायरची ताकद खर्च होते आणि कोनला इजा होऊ शकते.

सॅच्युरेशन, कॉम्प्रेसर आणि मोनो

सॅच्युरेशन (आवाजाला मुद्दाम दिलेली थोडी विकृती) साफसफाईनंतर लावा. गुरगुर असलेल्या बेसवर लावलं तर गुरगुरीचे आणि सुराचे मिश्र सूर तयार होतात, आणि ते ८०-१५० हर्ट्झमध्ये येऊन बसले की कुठल्याही ईक्यूने निघत नाहीत. असममित सॅच्युरेशनने डीसी ऑफसेट येतो, म्हणून त्याच्यामागे पुन्हा एकदा डीसी फिल्टर ठेवा.

कॉम्प्रेसर आणि लिमिटर (मोठा आवाज दाबणारी साधनं) ऐकू न येणाऱ्या आवाजालाही प्रतिसाद देतात. समजा १५ हर्ट्झचा सिग्नल −१२ डीबीवर आहे. तो पूर्ण पट्टीचा चौथा हिस्सा झाला. बाकी मिक्सचं शिखर पट्टीच्या टोकाला असेल आणि दोन्ही एकाच वेळी आले, तर लिमिटरला जवळपास २ डीबी खाली दाबावं लागतं. कोणालाच ऐकू न येणाऱ्या गोष्टीसाठी अख्खा ट्रॅक दबतो, आणि मग ‘माझा ट्रॅक इतरांसारखा दणदणीत का वाजत नाही’ हा प्रश्न पडतो.

१२० हर्ट्झच्या खाली सगळं मोनो ठेवा. युटिलिटीत बेस मोनो हा पर्याय आहे.

खोलीची गुरगुर

एवढं करूनही स्पीकरवर घुमतंय असं वाटलं तर खोली मोजा. घराघरांतली दहा बाय बाराची खोली घ्या. दहा फुटांच्या बाजूमुळे सुमारे ५६ हर्ट्झला आणि बारा फुटांच्या बाजूमुळे सुमारे ४७ हर्ट्झला खोली स्वतःच घुमते. आपला एफ शार्प ४६.२५ वर आहे. म्हणजे बेसचा सूर खोलीच्या घुमण्यावर अगदी नेमका पडतो, आणि मिक्स कितीही साफ असलं तरी ठोका संपल्यावर खोली वाजत राहते.

तपासायला साधा साइन टोन घ्या. ३० ते १२० हर्ट्झ, एकेक अर्धस्वराने वर जा, पातळी तीच ठेवा आणि खुर्चीवरून न हलता ऐका. कुठले सूर एकदम मोठे होतात, कुठले गळून जातात ते लिहून ठेवा. भिंतीला लावलेला पातळ फोम किंवा अंड्यांचे ट्रे इथे काहीच करत नाहीत. ४६ हर्ट्झची लाट ७.४ मीटर लांब असते, तिला रोखायला कोपऱ्यात जाड रॉकवूलचे ट्रॅप लागतात. ते जमेपर्यंत खुर्ची समोरच्या भिंतीपासून खोलीच्या लांबीच्या साधारण ३८ टक्क्यांवर ठेवून बघा आणि नेमक्या मध्यावर बसणं टाळा.

बेसचा निर्णय चांगल्या ओपन-बॅक किंवा क्लोज्ड हेडफोनवर घ्या. तिथे तिन्ही ठोके सुटे ऐकू येत असतील आणि स्पीकरवर गुरगुरत असतील तर मिक्सला हात लावू नका. दोन्हीकडे गुरगुरत असेल तर पुन्हा सिंथच्या एन्व्हलपकडे जा. शेवटी आठ बारचे दोन रेंडर काढा, एक साफ करण्याआधीचा आणि एक नंतरचा. दोन्हींची श्राव्य पातळी सारखी करा, कारण खालचं गेल्यावर मीटर खाली येतो आणि जो मोठा वाजतो तोच चांगला वाटतो. मग डोळे मिटून आलटून पालटून ऐका.